परतीचं कलम

मी एकदा एका राज्याचा मंत्री पेट्रोल पंपावर विसरून आलो.

हे वाक्य मी आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालाही सांगितलेलं आहे. त्यामुळं त्याला थोडी झिलई आलीय. पण गोष्ट खरी आहे. मी नळदुर्गच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहे. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगणं माझं काम. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आपल्या सामानाकडे लक्ष ठेवा’ असं ओरडून सांगणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, हेच मोठं.

तो मंत्री म्हणजे माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, शालनचा, थोरला सख्खा भाऊ. अॅडव्होकेट मल्हारी. आम्ही त्यांना वकीलदादा म्हणतो. उत्तरेकडच्या एका डोंगरी राज्यात ते कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले आणि त्यानंतर पहिल्यांदाच अणदूरला आले. शालनचं माहेर अणदूर आणि सासर नळदुर्ग, म्हणजे मधे चार-पाच किलोमीटरचा हायवे. खंडोबाचं दर्शन झाल्यावर दादा म्हणाले, “ती सरकारी गाडी जाऊ द्या म्होरं. म्या दाजीच्या फटफटीवर येतो.” गाडी पुढं गेली, तिच्यातला पिस्तुलवाला पोलीसही पुढं गेला. आम्ही दोघं मागून निघालो.

वाटेत पेट्रोल टाकायला थांबलो. दादा उतरले. पंपाशेजारी टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिकडं बघत उभे राहिले. मी त्या वेळी स्टँडच्या गळक्या पत्र्याविषयी बोलत होतो. त्यांच्या राज्याचा आणि आमच्या पत्र्याचा काय संबंध, हे मला आजतागायत सांगता येणार नाही. पण मंत्री मागं बसलाय म्हटल्यावर माणूस काहीतरी मागणारच. पेट्रोल टाकलं, किक मारली आणि बोलत बोलत घरी आलो. मागून उत्तर येत नव्हतं, पण मंत्री लोक ऐकून घेतात आणि बोलत नाहीत, अशी माझी समजूत होती.

शालन दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी. पोलीस तिच्याशेजारी.

“दादा कुठाय?”

“मागं हाय की,” मी म्हणालो आणि वळून बघितलं.

त्या पोलिसाचा चेहरा मी विसरणार नाही.  शालननं ताट खाली ठेवलं आणि निरांजनावर हात धरला, वाऱ्यानं विझू नये म्हणून.

परत गेलो तर दादा पंक्चरच्या दुकानात टायरवर बसून बशीनं चहा पीत होते. दुकानवाला दौलतराम त्यांच्या समोर उकिडवा बसलेला. दोघं कुठल्यातरी वेगळ्याच भाषेत बोलत होते, डोंगरातल्या. दौलतराम मूळचा दादांच्याच जिल्ह्यातला निघाला. ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आला, हायवेला उतरला आणि राहिला. बायको तिकडची, पोरं इथल्या झेडपीच्या शाळेत, आणि मराठी आमच्यासारखंच.

“दाजी, उगं आलात,” दादा बशी खाली ठेवत म्हणाले. “ह्यो मला हितंच राहा म्हणत हुता.”

“व्हय की,” दौलतराम म्हणाला. “साहेब आमच्या गावचे, आन गाव साहेबाचं हितं. मला न्हाय समजलं अजून.”

मलाही नाही समजलं कधी पूर्ण. तरी सांगतो.

दादांचे वडील गलाईचं काम करायला त्यांच्या मामाबरोबर उत्तरेला गेले. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. सांगलीकडची कितीतरी माणसं या धंद्यात देशभर पांगलीत. आमच्या बाजूचं असं एखादंच घर. जाताना त्यांनी मल्हारीला बरोबर नेलं. वय नऊ. शालन पाळण्यात होती, ती आईजवळ राहिली. पोराला सांगितलं होतं, दिवाळीला परत आणतो. ती दिवाळी काही आली नाही. भट्टी, दुकान, तिथली शाळा, मग कॉलेज, मग वकिली. वडील तिथंच वारले. आई शेवटपर्यंत अणदूरला, दोन खणांच्या घरात. अशी एका घराची दोन घरं झाली आणि कुणी भांडलंसुद्धा नाही.

याचा एक गमतीचा परिणाम असा, की दादांचं मराठी नवव्या वर्षी थांबलं. साठीच्या घरातला माणूस, कोर्टात इंग्रजी झाडणारा, सभागृहात हिंदीत भाषण करणारा. पण आमच्यात आला की माझ्या आजोबांसारखं बोलायचा. आमटीला कोरड्यास, दाराला कवाड. माझा मुलगा पुण्यात शिकतो, तो मामाचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवायचा आणि मित्रांना ऐकवायचा. दादांना कळलं तेव्हा म्हणाले, “ऐकीव की. माझ्याबिगर कोण बोलणार हाय आता तसं?”

डोक्यावर तिकडची गोल, रंगीत पट्टीची टोपी असायची. सोलापूर स्टेशनवर उतरले की ती काढून खिशात घालायचे. परतीच्या गाडीत बसताना पुन्हा डोक्यावर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तिकडं टोपी न्हाय घातली तर म्हंत्यात भायरचा हाय. हिकडं घातली तर म्हंत्यात भायरचा झाला.”

आणि वाचायचे. पुस्तकं वगैरे नाही. समोर येईल ते, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. लग्नपत्रिका छापखान्याच्या नावापर्यंत. तिकिटाची मागची बाजू. आमच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड त्यांनी जेवताना वाचलं आणि शालनला म्हणाले, “हे परत न्यायची सोय न्हाय ह्यात. जपून वापर.” त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: “जायचं काय, कुणीबी जातंय. परतीचं कलम बघावं.”

हे कलमाचं खूळ त्यांच्या डोक्यात आमच्या देवानं घातलं. अणदूरचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच आहे. देवळं दोन, देव एक. मार्गशीर्षात नळदुर्गची मंडळी अणदूरला जाऊन देव आणतात आणि पौषातली यात्रा झाली की अणदूरची मंडळी येऊन परत नेतात. पण असाच नेत नाहीत. दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, की देव नेतोय, अमुक वेळी परत देऊ. मग पालखी हलते. लहान मल्हारीनं बापाच्या खांद्यावर बसून तो करार वाचताना ऐकला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याला स्वतःला नेलं. त्याला नेताना कुणी काही लिहिलं नव्हतं.

आता माझ्या लग्नाचं सांगतो, म्हणजे माणूस डोळ्यांपुढं येईल.

वैशाख. ऊन असं की मांडवाचे बांबू चटके देत होते. दादांनी नुकतीच सनद घेतलेली, म्हणून त्या उन्हातही अंगात काळा कोट. पाठवणीची वेळ झाली. बायका रडत होत्या, टेम्पो सुरू झाला होता, शालनला आत बसवलं होतं. तेवढ्यात दादा टेम्पोपुढं येऊन उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. शालन अणदूरहून नळदुर्गला जात आहे. देव अणदूरला परत येईल तेव्हा दरवर्षी शालनही माहेरी येईल. तिला न्यायला भाऊ येईल.

माझे वडील टेम्पोतून उतरले. “आवो पावणं, हे काय कोर्ट हाय का?”

“न्हाय मामा. म्हणून तर लिवून घेतोय. कोर्टात सुटायला जागा असती.”

वऱ्हाडात हशा झाला. एक म्हातारा म्हणाला, देवाचा मोठा मुक्काम अणदूरला आणि छोटा नळदुर्गला, मग पोरीचं उलटं का? दादा म्हणाले, “देव एकटा हाय. हिला संसार हाय.” मी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवला. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, बॉनेट तापलेलं. न वाचताच सही केली. दादांनी सहीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“वाचल्याबिगर सही करताय? मग आमची बहीण सुखात राहील.”

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण दादांनी नेलं नाही. दरवर्षी पौषात ते यायचे. तिकडं बर्फ पडलेला असायचा, रस्ते बंद असायचे. कुठून कुठून बस, मग दोन रेल्वे, मग सोलापूरहून आमची एस.टी. अर्धा देश ओलांडून नळदुर्गला उतरायचे, आमच्याकडं चहा प्यायचे आणि बहिणीला घेऊन अणदूरला जायचे. चार-पाच किलोमीटर. मी म्हणायचो, “दादा, हिला मी सोडली असती की, गाडी हाय घरात.” ते म्हणायचे, “कागदात भाऊ येईल असं लिवलंय.” सासूबाई गेल्या त्या वर्षीही आले. बंद घराचं कुलूप काढलं, शालननं झाडलोट केली, आणि दोघं भाऊबहीण रिकाम्या घरात एक दिवस राहिले. काय बोलले, मला माहीत नाही.

तिकडं ते राजकारणात कसे गेले, त्याचीही एक गोष्ट आहे. ती त्यांनी सांगितलीय, मी फक्त जरा वाढवतो. तिथल्या बाजारात गलाईवाल्यांची एक गल्ली होती. कुणीतरी तक्रार केली, हे बाहेरून आलेले लोक आटवताना सोनं चोरतात, यांची दुकानं बंद करा. दादांनी वकीलपत्र घेतलं. साक्षीपुरावे झाले, पण न्यायाधीशांचा काही विश्वास बसेना. तेव्हा दादा उठून म्हणाले, साहेबांनी आपल्या बोटातली अंगठी द्यावी, मी त्यांच्यासमोर आटवून दाखवतो. न्यायाधीशही हौशी. गेले गल्लीत, दिली अंगठी. सगळ्यांसमोर वजन केलं, मुशीत घातली, आटवली, पुन्हा वजन केलं. काट्यावर तेवढंच भरलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, दुकानं वाचली. भानगड संध्याकाळी झाली, कारण ती अंगठी लग्नातली होती. न्यायाधीशांच्या बायकोनं ती सोन्याची गोळी हातात घेतली आणि विचारलं, वजन ठीक आहे, माझी अंगठी कुठंय?

ही गोष्ट दादा स्वतःवर हसत सांगायचे. पुढं त्यांनी डोंगरातल्या लोकांचेही खटले घेतले, पाण्याचे, पायवाटांचे. हळूहळू तिथले लोक त्यांना आपलंच मानायला लागले. निवडणूक नसली की. निवडणूक आली की विरोधक सभेत विचारायचे, यांचा देव कुठला? दादा उत्तर द्यायचे, “माझा देव दोन गावांत राहतो, आणि दोन्हीकडं त्याला घर आहे.” टाळ्या पडायच्या. दोनदा निवडून आले, दुसऱ्या वेळी मंत्री झाले. मग मी त्यांना पंपावर विसरलो. ते वर झालंच सांगून.

आता जरा जड भाग आहे. हा मी लग्नाबारशात सांगत नाही.

गेल्या वर्षी दादा पौषाची वाट न बघता मार्गशीर्षातच आले. न कळवता, गाडी नाही, पोलीस नाही. आमच्या दारात उभे. शालननं धपाटे केले, ते ताटात तसेच राहिले. दादा समोर ठेवलेल्या दह्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचत बसले होते. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

“काय झालंय दादा?” शालननं विचारलं.

त्यांच्या सरकारनं एक कायदा करायचं ठरवलं होतं. बाहेरून आलेल्या लोकांचे बाजारातल्या दुकानांचे परवाने पुढं चालू ठेवायचे नाहीत. गलाईवाले त्यात, न्हावी, शिंपी, चहावाले, सगळे त्यात. दादांची गल्ली त्यात. आणि कायदा खात्याचे राज्यमंत्री म्हणून तो सभागृहात मांडायचा होता दादांनी.

“मुद्दाम मला सांगितलंय,” ते म्हणाले. “भायरच्याच्या हातानं भायरचे काढायचे. मंग कुणी नाव ठेवायला नगं.”

“मग नको मांडू,” शालन म्हणाली. ती भावाशी एकेरीत बोलते आणि आडवळणानं बोलत नाही.

“म्या न्हाय मांडला तर दुसरा मांडंल. म्या त्यात एक कलम घातलंय शाले. जी माणसं सोडून जातील त्यांना परत यायचं झालं, तर त्यांचं दुकान त्यांना मिळावं. परतीचं कलम. दुसऱ्याच्या हातात गेलं तर पहिलं तेच कापलं जाईल.”

“आणि तुझं काय? तूही बाहेरचाच की त्यांच्या लेखी.”

दादांनी पिशवी बाजूला ठेवली. “मला लागू न्हाय. लोकप्रतिनिधींना वगळलंय. सचिवांनी घातलं ते. म्या न सांगता.”

“मग तू ते काढायला सांगितलंस?”

दादांनी पिशवी पुन्हा हातात घेतली. मी उठून पाणी आणायला गेलो. अशा वेळी पाणी आणणं एवढंच मला जमतं.

त्याच वेळी देव नळदुर्गला यायचा होता. दादा म्हणाले, चला, करार ऐकू. अणदूरला गेलो. दोन्ही गावची माणसं बसली होती. कागद वाचला गेला, सह्या झाल्या. दादा मागं खांबाला टेकून उभे होते. वाचणारा एक ओळ भरभर म्हणून गेला तर दादांचे ओठ ती ओळ सावकाश पुरी करत होते. गावातले तात्या शेजारी उभे होते, सासऱ्यांचे बालमित्र, ऐंशीच्या पुढचे. दादांनी त्यांना विचारलं, “तात्या, दरसाली त्येच वाचता. दोन गावांचा इस्वास न्हाय का एकमेकांवर?”

तात्या म्हणाले, “अरं, इस्वास हाय म्हणून तर लिवतो. इस्वास नसता तर देव दिला असता का?”

दादा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

कायदा पास झाला तो मी स्टँडवर बसून मोबाइलवर बघितला. त्यांच्याकडच्या एका वाहिनीनं दाखवला. दादा उभे राहिले, टोपी डोक्यावर, आणि त्यांनी तो मसुदा सगळा वाचला. बाकीचे मंत्री नुसतं ‘मांडतो’ म्हणून बसतात, असं मी ऐकलंय. यांनी एकेक ओळ वाचली. मी आमच्या कंडक्टरांना बोलावून दाखवत होतो, हे बघा आमचे मेहुणे. मग चर्चा सुरू झाली. एकानं परतीच्या कलमावर बोट ठेवलं. म्हणाला, जायचं तर जा, परत कशाला. कलम वगळावं अशी दुरुस्ती आली. हात वर झाले. ती मंजूर झाली. मग सगळ्या कायद्यावर मत घेतलं. पुन्हा हात वर झाले. मी मोबाइल जवळ धरून बघत होतो, कारण मला वाटत होतं, यात दादांचा हात नसेल.

होता. कोपरातून वाकलेला, पण होता.

कंडक्टर म्हणाले, “साहेब, पार्टी द्या आता.” मी तुळजापूर गाडीची अनाउन्समेंट केली. ती गाडी अजून आलीच नव्हती.

पौषात दादा ठरल्याप्रमाणे आले. शालनला न्यायला. पहिल्यांदाच सोलापूरला टोपी काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. डोक्यावर टोपी तशीच ठेवून ते दारात आले. शालननं ती हातानं काढली आणि त्यांच्या खिशात घातली, लहान पोराचं करावं तसं.

अणदूरला देव परत आला. गावानं दादांचा सत्कार ठेवला होता. गावचं पोर मंत्री झालंय आणि त्यानं मोठा कायदा केलाय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. फेटा, शाल, नारळ. तात्या बोलायला उभे राहिले. म्हणाले, “मल्हारीनं तिकडं केलं त्ये चांगलं केलं. तसा कायदा हिकडं बी झाला पायजे. हायवेला बघा, पंक्चरवाला भायरचा, फरशीवाला भायरचा, रंगवाला भायरचा. आमच्या पोरांनी काय करायचं?”

लोकांनी मान डोलावली. मीही डोलावली असेल. अशा ठिकाणी माझी मान आपोआप हलते. शालन बायकांत बसली होती. ती भावाकडं बघत होती.

दादा उभे राहिले. फेटा सैल होऊन कानावर आला होता. “तात्या, मंग मला कुठं ठिवशिला?”

तात्या खुदकन हसले. “तुला? तू तर आमचाच की रं.”

“तिथलेबी असंच म्हंत्यात,” दादा म्हणाले आणि खाली बसले. एवढंच भाषण. लोकांना वाटलं, थकले असतील, लांबचा प्रवास.

दुपारी मी त्यांना गाडीवर घेऊन निघालो. सोलापूरला न्यायला त्यांची मोटार हायवेला पंपाजवळ येणार होती. या वेळी मी दर थोड्या वेळानं हात मागं नेऊन चाचपत होतो. दादा म्हणाले, “हाय म्या. बघा म्होरं.”

दौलतरामनं त्यांना लांबूनच ओळखलं. टायर टाकून आला, हात पुसले, पाया पडला. “साहेब, टीव्हीवर बघितलं. लई चांगलं केलंत. आपल्याकडं भायरचे लई झाले हुते. बरं झालं घालवले.”

दादा त्याच्याकडं बघत राहिले. मग दुकानाकडं, आत भांडी घासणाऱ्या त्याच्या बायकोकडं, कुडावर वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशाकडं.

“तुझं कसं चाललंय?” त्यांनी विचारलं.

“झकास. हितल्या लोकांचा तरास न्हाय. ज्वारीची भाकर खाल्ल्याबिगर झोप येत न्हाय आता.”

त्यानं चहा आणला. दादा पुन्हा त्याच टायरवर बसले. बशीत चहा ओतला, पण प्यायला उशीर केला, त्यावर साय धरली. गलाईची गल्ली आता काय म्हणते, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. दादा म्हणाले, अर्धी कुलपं लागली, बाकीची लागतील. ज्याच्या भट्टीपाशी ते वाढले, त्या एका म्हाताऱ्या गलाईवाल्याला ते बस स्टँडवर सोडायला गेले होते. म्हाताऱ्यानं त्यांच्या हातचा चहा घेतला, पण बसमधून मागं वळून बघितलं नाही.

“राजीनामा द्या की दादा,” मी म्हणालो. माझ्या आवाजात जोर नव्हता. मी आयुष्यात रजेचा अर्जसुद्धा दोनदा विचारून देतो.

“देऊन कुठं जाऊ? हितं तात्या म्हंत्यात तसा कायदा झाला, तर म्या कुण्या बाजूनं?” मग जरा थांबून म्हणाले, “ती अंगठीची गोष्ट सांगता न्हवं तुम्ही लगीनघरात? तिची आठवण येती मला. वजन भरतंय दाजी तेवढंच. कमी न्हाय झालो म्या. पर अंगठी न्हाय राहिली.”

मोटार आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. दादा उठले, पँट झटकली आणि मला म्हणाले, “त्या टायमाला इसरून गेला हुता, तसं आजबी इसरून जा की मला हितं.”

मी हसलो. ते थट्टेनं म्हणाले असं मी धरलं. थट्टा असेल तर हसावं लागतं, नसेल तर काय करावं हे मला येत नाही. त्यांना गाडीत बसवलं, दार लावलं. काचेतून दिसले ते असे: डोकं उघडं, फेटा काढून बाजूला ठेवलेला आणि ती तिकडची टोपी दोन्ही हातांत धरलेली. डोक्यावर नाही आणि खिशातही नाही. गाडी सोलापूरच्या बाजूला वळली, दौलतरामनं हात केला, मीही केला. त्यांचे दोन्ही हात टोपीत होते.

ते शेवटचं बघणं. तसे दादा बरे आहेत, मंत्री आहेत. फोन करतात. नवव्या वर्षाचं मराठी आता फोनवर अडखळायला लागलंय. मधेच हिंदी शब्द येतो, मग ते थांबतात आणि जुना शब्द शोधतात, आणि तोवर आम्ही दुसरंच काही बोलायला लागलेलो असतो.

यंदा पौष आला. यात्रा झाली, देव अणदूरला निघायची वेळ आली. शालननं पिशवी भरून दाराशी ठेवली. दादांचा फोन आला, अधिवेशन आहे, जमणार नाही. तिनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. पिशवी तशीच दाराशी. दोन वेळा तिच्यावरून मीच अडखळलो. शेवटी म्हणालो, “चल, मी सोडतो. रस्ता काय लांब आहे?”

ती मागं बसली. पुढं अणदूरच्या वाटेवर देवाला न्यायला आलेली माणसं दिसत होती, कपाळावर भंडारा, हलगी वाजत होती. पंप आला, दौलतरामचं दुकान आलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी हात मागं नेला आणि म्हणालो, “हायेस ना? का राहिलीस पंपावर?”

 बराच रस्ता गेला. अणदूरची वेस दिसायला लागली तेव्हा ती माझ्या पाठीमागून, जणू स्वतःशीच, म्हणाली, “देवाला आणायला सगळं गाव जातं. मला न्यायला दादा यायचा. त्याला आणायला कुणी गेलं होतं का हो कधी?”